आठशे सदतीसची गोष्ट

अमेरिकेत मी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेलो ते १९९९ च्या हिवाळ्यात, साध्या घशाच्या दुखण्यासाठी. तपासणी पाच मिनिटांत उरकली. काउंटरवर वीस डॉलर ठेवले आणि विषय संपला असं समजून घरी आलो. तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं एक पाकीट आलं. आत आकड्यांचा तक्ता: डॉक्टरने किती मागितले, कंपनीने किती मान्य केले, किती कापले, का कापले त्याचे सांकेतिक क्रमांक, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही'. मग बिल कुठे आहे? ते आणखी दोन आठवड्यांनी आलं. सात डॉलरांचं. पुण्यात आमचे डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, पैसे टेबलाच्या खणात टाकायचे आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचे. सात डॉलरांसाठी एवढी पाकिटं का फिरतात हे मला त्या दिवशी कळलं नाही. ते कळलं दीड-दोन वर्षांनी, आणि तेही पोटापाण्याच्या निमित्ताने.

मी इथे आलो वायटूकेच्या लाटेवर. कोबोलच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये दोन आकडी वर्षं शोधायची आणि चार आकडी करायची, असं आमचं काम. १ जानेवारी २००० उजाडला, जग काही बुडालं नाही, आणि आम्हा देशी मंडळींचे प्रोजेक्ट मात्र बुडाले. कित्येक जण बेंचवर बसले, काही परत गेले. त्याच सुमारास एक शब्द कानावर यायला लागला: हिपा. म्हणजे हेल्थ इन्शुरन्स पोर्टेबिलिटी अँड अकाउंटेबिलिटी अ‍ॅक्ट, १९९६. नाव लांबलचक, पण आम्हाला त्यातला अर्थ एवढाच कळला की देशातल्या प्रत्येक आरोग्य विमा कंपनीला आपली संगणक प्रणाली बदलावी लागणार आहे आणि त्याला मुदत आहे. बुडत्याला काडीचा आधार. ही काडी मात्र चांगली ओंडक्याएवढी होती.

आज अमेरिकेत कोणालाही विचारा, हिपा म्हणजे काय? उत्तर येईल, 'माझी वैद्यकीय माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा.' डॉक्टरकडे गेलं की सही करायला देतात तो कागद. पण गुप्ततेचे नियम हे त्या कायद्याचं शेंडेफळ. मूळ कायदा नोकरी बदलली तरी विमा सुटू नये म्हणून केलेला होता, आणि त्याच्या पोटात एक कंटाळवाणं प्रकरण होतं, 'प्रशासकीय सुलभीकरण'. सगळे व्यवहार संगणकावरून एकाच साच्यात झाले तर खर्च वाचेल, हा त्यातला मुद्दा. पण माहिती अशी सुटसुटीत धावायला लागली तर ती भलत्याच्या हाती पडेल ही भीती आलीच, म्हणून गुप्ततेचं कलम जोडलं गेलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते शेपूट. माझं आयुष्य गेलं हत्तीत.

पण मुळात इतके साचे झाले कसे? त्यासाठी जरा मागे जायला हवं. १९२९ साली डॅलसमधल्या बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाने तिथल्या शिक्षकांसाठी एक योजना काढली. वर्षाला सहा डॉलर भरायचे आणि गरज पडल्यास एकवीस दिवस रुग्णालयात राहायचं. सुमारे १२५० शिक्षक त्यात सामील झाले. ब्लू क्रॉस नावाने पुढे देशभर पसरलेल्या योजनांचं मूळ हेच. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली. पगार वाढवता येत नाही म्हटल्यावर कारखानदार कामगारांना विम्याचं आमिष दाखवायला लागले, आणि आरोग्य विमा नोकरीच्या खुंटीला बांधला गेला तो कायमचा. १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. मेडिकेड प्रत्येक राज्याचं वेगळं. म्हणजे एकच डॉक्टर, पण त्याला पैसे देणारे शंभर, आणि प्रत्येकाचा फॉर्म निराळा.

कागदावर थोडीफार शिस्त आली होती. डॉक्टरांसाठी एचसीएफए-१५०० नावाचा तेहतीस रकान्यांचा फॉर्म, रुग्णालयांसाठी यूबी-९२. डॉक्टरांचा फॉर्म लाल शाईत छापलेला असतो. मला आधी वाटलं सरकारी हौस असेल. पण त्याला कारण आहे. वाचणाऱ्या स्कॅनरला ती विशिष्ट लाल शाई दिसतच नाही. रकान्यांच्या रेघा गळून पडतात आणि फक्त भरलेली काळी अक्षरं उरतात. ही युक्ती मला फार आवडली होती. ती लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

संगणकावर मात्र गोंधळ होता. १९९० च्या दशकात विम्याचे दावे पाठवण्याचे सुमारे ४०० वेगवेगळे इलेक्ट्रॉनिक साचे देशात चालू होते असं सरकारचंच म्हणणं. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये थोरल्या बुशसाहेबांचे आरोग्यमंत्री लुई सलिव्हन, जे स्वतः डॉक्टर, यांनी विमा कंपन्या आणि रुग्णालयवाल्यांना एकत्र बसवलं आणि सांगितलं की हे तुम्ही आपसांत निस्तरा. त्यातून वेडी नावाचा गट निघाला. नावावर जाऊ नका, वर्कग्रुप फॉर इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज हे त्याचं पूर्ण नाव. १९९२ आणि १९९३ मध्ये त्यांनी अहवाल दिले. सूर असा की सगळ्यांनी एक साचा वापरला तर अब्जावधी डॉलर वाचतील, पण आपखुशीने कोणी बदलणार नाही, कायदाच हवा. क्लिंटन यांची भव्य आरोग्य योजना १९९४ मध्ये आपटली. या एका मुद्द्यावर मात्र दोन्ही पक्षांचं जमलं, आणि २१ ऑगस्ट १९९६ रोजी हिपावर सही झाली.

साचा कुठला घ्यायचा? तो तयारच होता, आणि त्याचा जन्म दवाखान्यात झालेला नव्हता. १९४८ मध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली तेव्हा शहराला कोळशापासून पिठापर्यंत सगळं विमानाने पुरवलं गेलं, जवळपास २३ लाख टन. प्रत्येक देशाच्या, प्रत्येक खात्याच्या माल-याद्या वेगळ्या, भाषा वेगळ्या. तिथे काम करणाऱ्या एड गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन सार्जंटने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेलेक्सवरून किंवा फोनवरूनही सांगता येईल अशी एकच यादी-पद्धत बसवली. पुढे हाच गिल्बर्ट ड्यू पाँट कंपनीत गेला आणि रसायनांच्या टँकरसाठी तेच करू लागला. १९६८ मध्ये वाहतूकवाल्यांची समिती झाली, १९७९ मध्ये त्यातून एक्स-१२ ही राष्ट्रीय मानक समिती. म्हणजे माझ्या घशाच्या दुखण्याची पावती ज्या पद्धतीने लिहिली जाते तिचा पणजोबा बर्लिनच्या धावपट्टीवर कोळशाची पोती मोजत होता. मला हे कळलं त्या दिवशी ऑफिसात दिसेल त्याला धरून सांगत सुटलो होतो. कोणाला विशेष वाटलं नाही. असो.

एक्स-१२ मध्ये प्रत्येक व्यवहाराला क्रमांक आहे. डॉक्टरने विमा कंपनीकडे पाठवलेला दावा म्हणजे ८३७. कंपनीने 'इतके दिले, इतके कापले' म्हणून दिलेलं उत्तर म्हणजे ८३५. रुग्णाचा विमा चालू आहे का हा प्रश्न २७०, त्याचं उत्तर २७१. दाव्याचं काय झालं ही चौकशी २७६, उपचाराआधीची परवानगी २७८. हे संदेश दिसायला भयानक: सगळा मजकूर एका रांगेत, मध्ये तारका, शेवटी नागमोडी चिन्ह, जागा वाचावी म्हणून काटकसर पराकोटीची. पहिली ओळ नेमकी १०६ अक्षरांची, आणि तिचं चौथं अक्षर काय आहे ते पाहून पुढे खुणा कुठल्या वापरल्यात हे ओळखायचं. वर्षभर त्यात बुडाल्यावर मी ८३७ वर्तमानपत्रासारखा वाचू शकत होतो. बायको म्हणायची, झोपेतसुद्धा 'तारका, तारका' करतोस.

कायद्याने नियम करायला अठरा महिने दिले होते. नियम आले १७ ऑगस्ट २००० ला, म्हणजे चार वर्षांनी. त्यात हिशेब मांडला होता की दहा वर्षांत निव्वळ २९.९ अब्ज डॉलर वाचतील. अंमलाची तारीख १६ ऑक्टोबर २००२. कोणाचीच तयारी नव्हती, म्हणून २००१ च्या डिसेंबरात काँग्रेसने एक वर्ष वाढवून दिलं. १६ ऑक्टोबर २००३.

त्या काळात मी मिडवेस्टमधल्या एका विमा कंपनीत होतो. तळमजल्यावर टपालखोली. रोज सकाळी पोस्टाच्या गाडीतून पोती यायची. वरच्या मजल्यावर चाळीसेक बायका टाइपिंगला. स्कॅनरने जे वाचलं नाही ते त्या हाताने भरायच्या. त्यांच्यातल्या एक बाई, साठीच्या आसपासच्या, मला फॉर्म वाचायला शिकवत होत्या. कुठला डॉक्टर सातचा एकसारखा काढतो हे त्यांना पाठ होतं. एकदा त्यांनी मला एक फॉर्म दाखवून विचारलं, 'यात चूक काय?' मला काही दिसेना. पुरुष रुग्ण आणि बाळंतपणाचा कोड. त्यांनी डॉक्टरच्या ऑफिसात फोन लावला, दोन मिनिटं मुलाबाळांची चौकशी केली आणि कोड दुरुस्त करून घेतला.

हे मी का सांगतोय? कारण आम्ही जो प्रोग्रॅम लिहिला त्याला फोन करता येत नव्हता.

१६ ऑक्टोबर उलटल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मदतकक्षाने एक फोन माझ्याकडे वळवला. एका छोट्या गावातला एकटा डॉक्टर, हिशेब त्याची बायको बघायची. त्या म्हणाल्या, तीन आठवडे तुमच्याकडून एक डॉलर आलेला नाही, नर्सचा पगार द्यायचाय. मी शोधलं. त्यांचं सॉफ्टवेअर आठवड्याचे सगळे दावे एका गठ्ठ्यात पाठवत होतं. दर गठ्ठ्यात एखाद्या दाव्यात काहीतरी राहिलेलं असायचं, कधी जन्मतारीख, कधी पिनकोड. आणि आमचा प्रोग्रॅम, म्हणजे मी लिहिलेला नियम, एक चूक सापडली की अख्खा गठ्ठा परत करत होता. परत केल्याचा संदेशही जात होता, पण तो सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या पेटीत, जी उघडून कोणी बघत नव्हतं. साठ दाव्यांत एक जन्मतारीख नाही, म्हणून साठांचे पैसे अडले.

मी साहेबाकडे गेलो. तो म्हणाला, 'मानकाप्रमाणे आपण बरोबर आहोत.' आणि तो खरंच बरोबर होता. मानकात गठ्ठा नाकारायला परवानगी होती. पण मला रात्रभर त्या बाईंचा आवाज ऐकू येत होता, रागावलेला नाही, थकलेला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एक फोन करून हे मिटवलं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडलो, आणि चार दिवसांत नियम बदलून घेतला: चुकीचा दावा तेवढा बाजूला, बाकीचे पुढे. असे किती डॉक्टर त्या तीन आठवड्यांत अडकले होते ते मोजायचा प्रोग्रॅमही मला लिहिता आला असता. मी तो लिहिला नाही.

आम्ही एकटे नव्हतो. मेडिकेअरने तर सप्टेंबर २००३ मध्येच जाहीर केलं होतं की तूर्तास जुन्या साच्यातले दावेही घेऊ. कारण सोपं होतं: नाही घेतले तर देशभरातल्या डॉक्टरांचे पैसे एका दिवसात थांबले असते. आणि ज्यांनी नवा साचा घेतला त्यांनीही त्याला आपापली शेपटं लावली. मानकात जिथे 'परिस्थितीनुसार' असं लिहिलेलं, तिथे प्रत्येक कंपनीने आपली परिस्थिती सांगणारी वेगळी पुस्तिका काढली. एकच ८३७, पण पुस्तिका शेकडो. चारशे साच्यांच्या जागी एक साचा आणि त्याच्या शेकडो बोली. मराठीसारखंच, कागदावर प्रमाण भाषा एक, बोलताना मालवणी निराळी आणि अहिराणी निराळी.

या बोलींमुळे मधल्या माणसाचं फावलं. क्लिअरिंगहाउस म्हणजे दुभाष्या कंपन्या. डॉक्टरने आपल्या बोलीत दावा द्यायचा, त्यांनी प्रत्येक विमा कंपनीच्या बोलीत करून पुढे पाठवायचा. साचा एक झाला की यांची गरज कमी होईल, अशी भाबडी समजूत होती. माझीही होती. प्रत्यक्षात त्या फुगत गेल्या आणि एकमेकींना विकत घेत गेल्या.

पुढचं भराभर सांगतो. २००७ पासून प्रत्येक डॉक्टरला दहा आकडी एकच क्रमांक मिळाला. त्याचा शेवटचा आकडा क्रेडिट कार्डाच्याच सूत्राने तपासला जातो. २०१२ मध्ये संदेशांची नवी आवृत्ती आली. २०१५ च्या १ ऑक्टोबरला रोगांचे कोड बदलले, साधारण चौदा हजारांचे अडुसष्ट हजार झाले, त्यात 'बदकाने मारले' यालाही स्वतंत्र कोड आहे. खोटं वाटेल, पण आहे. रुग्णाला मात्र एकच क्रमांक काही मिळाला नाही. १९९६ च्या कायद्यात तो होता, पण १९९८ मध्ये गुप्ततेच्या भीतीने एवढा गदारोळ उठला की काँग्रेसने त्यावर पैसा खर्च करायलाच बंदी घातली आणि मग वर्षानुवर्षं ती खर्चाच्या विधेयकात घालत राहिली. त्यामुळे डॉक्टर ओळखता येतो, रोग ओळखता येतो, बदकही ओळखता येतं. रुग्ण ओळखायचा नाव आणि जन्मतारखेवरून.

आणि पैसे वाचले का? मला वीस वर्षं हा प्रश्न देशी पार्ट्यांमध्ये विचारतात. दावा पाठवण्याचा खर्च नक्की घटला. आज ९५ टक्क्यांहून अधिक वैद्यकीय दावे इलेक्ट्रॉनिक जातात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाळीसपैकी सहा बायका २००५ मध्ये उरल्या. मला फॉर्म शिकवणाऱ्या बाईंच्या निरोपाला केक होता, आणि तो कापताना त्या मला म्हणाल्या, 'तू चांगला शिकलास.' मी केक खाल्ला. वाचलेल्या पैशांतला काही भाग तो होता.

पण एकूण कारभाराचा खर्च? वुलहँडलर आणि हिमेलस्टाइन या डॉक्टर जोडीने सहकाऱ्यांसह १९९९ सालच्या आकड्यांवरून हिशेब केला होता: अमेरिकेत आरोग्यावरच्या खर्चातले ३१ टक्के कारभारावर जातात, २९४ अब्ज डॉलर. कॅनडात १६.७ टक्के. २०१७ च्या आकड्यांवरून पुन्हा केला तेव्हा अमेरिकेचे झाले ३४ टक्के, ८१२ अब्ज डॉलर. कॅनडा सतराच्या आसपासच. त्यांच्या मोजण्याच्या पद्धतीवर वाद आहेत, आणि ते दोघे एकाच सरकारी विम्याचे कट्टर पुरस्कर्ते आहेत हेही सांगायला हवं. तरी दिशा चुकलेली वाटत नाही.

माझं मत सांगतो, आतून पाहिलेल्या माणसाचं. दावा पाठवणं स्वस्त झालं, तसं दावा नाकारणंही स्वस्त झालं. कागद हातात असताना माणूस पाच गोष्टी तपासायचा, प्रोग्रॅम पाचशे तपासतो, एका सेकंदात. मग रुग्णालयं त्या पाचशेंना तोंड देणारं सॉफ्टवेअर घेतात आणि कोडिंगची माणसं ठेवतात, त्यातली बरीच चेन्नईला आणि आपल्या पुण्यातही रात्रपाळीला बसतात. मग विमा कंपनी सहाशे नियम करते. आम्ही संदेश एक केला, पण भांडण तसंच ठेवलं, आणि भांडणाला वेगवान गाडी दिली. जिथे कंपनीला घाई नाही तिथे गाडीही नाही. उपचाराआधीची परवानगी, ती २७८, आजही साधारण एक तृतीयांशच पूर्णपणे त्या साच्यातून जाते. बाकी पोर्टल, फोन आणि फॅक्स. हो, फॅक्स.

आपल्याकडे हसण्यासारखं काही नाही. काही वर्षांपूर्वी बाबा पुण्यात रुग्णालयात होते. डॉक्टरांनी सकाळी दहाला 'घरी न्या' सांगितलं. कॅशलेसची अंतिम मंजुरी येईपर्यंत संध्याकाळचे सात वाजले. बाबा कपडे करून खुर्चीत बसून होते, काठी हातात घेऊन. अलीकडे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि आयआरडीएआय यांनी दाव्यांसाठी राष्ट्रीय एक्स्चेंज उभारलं आहे, साचाही एक्स-१२ पेक्षा पुष्कळ आधुनिक. माझी त्यांना एकच विनंती आहे: एका चुकीसाठी गठ्ठा परत करू नका.

दुभाष्या कंपन्यांचं पुढे काय झालं ते २१ फेब्रुवारी २०२४ ला साऱ्या देशाने पाहिलं. चेंज हेल्थकेअर ही त्यातली सगळ्यात मोठ्यांपैकी एक, वर्षाला १५ अब्ज व्यवहार हाताळणारी. २०२२ मध्ये युनायटेडहेल्थ या विमा कंपनीच्याच समूहाने ती विकत घेतली होती. चोर एका दूरस्थ प्रवेशद्वारातून आत शिरले, ज्याला पासवर्डखेरीज दुसरं कुलूप नव्हतं, आणि सगळं बंद पडलं. कंपनीने २.२ कोटी डॉलर खंडणी दिली. १९ कोटींहून अधिक लोकांची माहिती बाहेर गेली. आणि आठवडेच्या आठवडे डॉक्टरांचे, रुग्णालयांचे, औषधवाल्यांचे पैसे अडले. मी बातम्या बघत होतो आणि कानात तोच थकलेला आवाज: नर्सचा पगार द्यायचाय.

त्या मार्चमध्ये मी गुडघ्यासाठी एका फिजिओथेरपिस्टकडे जात होतो. रिसेप्शनवर एक विशीतली मुलगी कागदांच्या ढिगाऱ्यात बसलेली. त्यांचे दावे त्याच दुभाष्याकडून जायचे, म्हणून तिने इंटरनेटवरून जुना फॉर्म, आताचा सीएमएस-१५००, छापून घेतला होता, ऑफिसच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर. पहिला गठ्ठा विमा कंपनीने न उघडल्यासारखाच परत पाठवला होता, आणि का ते तिला कळत नव्हतं. मी एक फॉर्म हातात घेतला. तेहतीस रकाने, सगळे नीट भरलेले.

'लाल हवा,' मी म्हणालो. 'छापील, लाल शाईतला. याच्या रेघा स्कॅनरला दिसतात.'

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने स्टेशनरीच्या दुकानाला फोन लावला. लाल फॉर्म संपले होते, पुढच्या आठवड्यात येणार होते.